वाचून दाखवले, समजावून सांगितले

सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली मारून ऐंशीबाईने कागद पुढे सरकवला, तेव्हा साक्षीदार बाई पेन हातात धरून थांबली आणि म्हणाली, "आधी वाचून दाखवा."

आवाज अजिबात चढलेला नव्हता. सरकारी दवाखान्याच्या धुलाईघरात चादर घडी घालताना शेजारणीला "तो कोपरा धर" म्हणावं, तितकं ते सहज होतं. पण ऐंशीबाईचा हात कागदावरच राहिला. सव्वीस वर्षं ती या कोर्टात साक्षी टाइप करत होती. मिनिटाला ऐंशी शब्द, म्हणून वकिलांनी तिचं नाव ऐंशीबाई पाडलं होतं आणि खरं नाव आता फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. या सव्वीस वर्षांत हजारोंनी तिच्यासमोर सह्या केल्या, अंगठे उठवले, एकाने तर घाबरून तिच्या डब्याच्या पिशवीवरच अंगठा उठवला, तो डाग अजून गेला नव्हता. पण वाचून दाखवा, असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. आणि गंमत अशी की त्या कागदाच्या तळाशी, फुलीच्या अगदी वर, स्वच्छ इंग्रजीत छापलेलं होतं: वरील मजकूर साक्षीदारास तिच्या भाषेत वाचून दाखवला, समजावून सांगितला, आणि तो बरोबर असल्याचे तिने मान्य केले.

"काय झालं?" वरून न्यायाधीश साहेबांनी विचारलं, इंग्रजीत. साहेब माणूस वाईट नव्हते. सकाळपासून एकवीस प्रकरणं त्यांच्यासमोरून गेली होती, अजून दहा बाकी होती, आणि जेवणाची सुट्टी होऊन सात मिनिटं उलटली होती. ऐंशीबाई उभी राहिली आणि आपल्या भाषेत म्हणाली, "साहेब, वाचून दाखवा म्हणतायत." सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं, साहेब इंग्रजीत विचारायचे, ती आपल्या भाषेत उत्तर द्यायची, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. इंग्रजी तिच्या बोटांत होतं, जिभेवर कधी आलंच नाही. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "मग समजावून सांगा आणि घ्या सही," ते म्हणाले, झगा सावरत आत निघून गेले, आणि त्यांच्या मागे दोन्ही बाजूंचे वकील, शिपाई, बाकांवरची माणसं असं सगळं कोर्ट पाच मिनिटांत रिकामं झालं. पंखे तेवढे फिरत राहिले.

खटला साधा होता. धुलाईघरात चादरी इस्त्री करायचा वाफेचा रोलर आहे. त्याच्या तोंडावर बोटं आत जाऊ नयेत म्हणून लोखंडी जाळी असते. ती जाळी मध्ये आली की काम हळू होतं, म्हणून मुकादमाने ती वर बांधून ठेवली होती, आणि एके दिवशी या बाईच्या भावजयीचा हात कोपरापर्यंत आत गेला. धुलाईघर चालवणाऱ्या ठेकेदाराचं म्हणणं असं की धोका असल्याचं त्याला कुणी कळवलंच नव्हतं. आता हे कळवलं होतं की नव्हतं, एवढ्यावर सगळं येऊन ठेपलं होतं. आज सकाळी बाईला विचारलं, तक्रार केली होती का. ती म्हणाली, "तीनदा सांगितलं मुकादमाला. तोंडी सांगितलं, सहीपलीकडे मला लिहिता कुठे येतं. चौथ्यांदा सांगितलंच नाही, मीच जाळी खाली ओढली आणि चादरीची चिंधी फाडून चार गाठी मारून बांधली. दुसऱ्या दिवशी बघते तर कापलेली. कात्रीने कापलेली, सुटलेली नव्हे. ती चिंधी मी उचलून ठेवलीय, घरी आहे." बोलताना ती हवेत गाठी मारून दाखवत होती. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा नाकावर सरकवला आणि इंग्रजीत एक ओळ सांगितली: मी कोणतीही लेखी तक्रार केली नाही. ऐंशीबाईने ती ओळ टाइप केली. ठेकेदाराच्या वकिलाने पुढचा प्रश्न विचारला, त्याआधी रोज त्याच रोलरवर काम करत होतात ना. बाई म्हणाली, करत होते, पोट आहे ना. साहेबांनी सांगितलं: मी त्या यंत्रावर रोज काम करत असे. तीही ओळ झाली. दोन्ही ओळींत खोटं एक अक्षर नव्हतं.

"सांगा," बाई म्हणाली. ती पिंजऱ्यातून उतरून टेबलापाशी आली होती. जवळून तिच्या हातांना साबणाचा वास येत होता, आणि बोटांची टोकं फिकट, सुरकुतलेली होती. ऐंशीबाईने कागद उचलला. मग तिच्या लक्षात आलं, की वाचून दाखवायचं म्हणजे काय करायचं हेच आपल्याला माहीत नाही. ही ओळ आपण हजारो वेळा छापली असेल, पण त्या ओळीत सांगितलेलं काम एकदाही केलेलं नाही. ती अडखळत, इंग्रजीवर डोळे ठेवून आपल्या भाषेत सांगू लागली. तुमचं वय, तुमचं काम, किती वर्षं करता. तुम्ही लेखी तक्रार केली नाही. रोज त्या यंत्रावर काम करत होतात. अपघात झाला तेव्हा तुम्ही दुसऱ्या टोकाला होतात.

"आणि चिंधीचं?"

"ते नाही लिहिलेलं."

"का?"

साहेब म्हणतील तेवढंच लिहायचं असतं, असं ऐंशीबाई म्हणाली, आणि म्हणताना तिला आपल्याच आवाजात, तिच्याआधी याच खुर्चीवर टाइप करणाऱ्या बाबांचा आवाज ऐकू आला. बाईने पेन टोपण लावून टेबलावर ठेवलं. "मग ज्यांनी सांगितलं त्यांचीच सही घ्या की," ती म्हणाली. त्यात राग नव्हता, ती खरोखरच तोडगा सुचवत होती. मग ती बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून बसली आणि तिने पिशवीतून डबा काढला.

ऐंशीबाईने स्वतःचा डबा उघडलाच नाही. ती खुर्चीवर बसून राहिली आणि कीबोर्डकडे पाहत राहिली. वरच्या ओळीतली सातवी कळ. बाबांच्या काळी ती वाचून दाखवल्याची ओळ प्रत्येक साक्षीखाली हाताने टाइप करावी लागे, छत्तीस शब्द, घरी जेवतानासुद्धा बाबांची बोटं ताटाच्या कडेवर ती वाजवत असत आणि आई म्हणे, "झालं का वाचून दाखवून? मग जेवा." मग कॉम्प्युटर आले, आणि पहिल्याच आठवड्यात ऐंशीबाईने ती ओळ सातव्या कळीवर नेऊन बसवली, एकदा दाबलं की छत्तीस शब्द. तेव्हाच्या साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती. शेजारच्या तिन्ही कोर्टांतल्या टायपिस्टांनी तिच्याकडून ते शिकून घेतलं. आपण केवढं शहाणपण केलं असं तिला त्या दिवशी वाटलं होतं. आता तिला स्वतःची शरम वाटली. बाबांना निदान दर वेळी ते छत्तीस शब्द बोटांखालून जाताना कळत होते, आपण तेवढीही तोशीस ठेवली नाही.

इंग्रजी कुठे बोलतात, असं कुणी विचारलं तर भूगोलाच्या पुस्तकात देशांची यादी देतात. ऐंशीबाईला लहानपणापासून त्या यादीचं हसू यायचं, कारण ती याच गावात वाढली होती आणि तिला माहीत होतं, इंग्रजी देशात बोलत नाहीत, एका रस्त्यावर बोलतात. धक्क्यापाशी पूर्वी गोऱ्यांची जहाजं लागत. जहाजातला माल मोजायला त्यांनी जकातघर बांधलं, मालाची चोरी करणाऱ्यांना शिक्षा द्यायला जकातघराच्या वरच्या अंगाला कोर्ट बांधलं, आणि या दोन्ही ठिकाणी कारकून पुरवायला कोर्टाच्या वरच्या अंगाला शाळा. धक्का, जकातघर, कोर्ट, शाळा, सगळं एका सरळ रेषेत, आणि इंग्रजी त्या रेषेवर. उजवीकडच्या बोळात वळलं की नाही, डावीकडे बाजारात नाही. या इमारतीतसुद्धा खालच्या व्हरांड्यात सगळे आपल्या भाषेत भांडतात, रडतात, वकिलाची मनधरणी करतात, पण जिना चढून या दालनाचा उंबरा ओलांडला की तीच माणसं गप्प होतात. जहाजं गेली, त्यांना आता सत्तर वर्षं व्हायला आली. दाराशेजारी लाकडी फळा आहे, त्यावर या कोर्टाच्या सगळ्या न्यायाधीशांची नावं सोनेरी रंगात लिहिलेली आहेत, वरची सगळी परकी, मग एका साली अचानक आपली. त्या दोन नावांमध्ये राज्य बदललं, झेंडा बदलला, लोकांनी रस्त्यावर येऊन नाच केला. फळ्यावर मध्ये एक रेघसुद्धा नाही. तोच रंग, तेच अक्षर, तेवढंच अंतर. रंगाऱ्याला काही वेगळं करावंसं वाटलं नाही.

आणि नदीपलीकडे तर आणखीच मजा. तिथे दुसऱ्या गोऱ्यांचं राज्य होतं, म्हणून तिथल्या कोर्टात त्या गोऱ्यांची भाषा. आईचं माहेर पलीकडचं. नदी एक, मासे तेच, दोन्ही काठांवर कपडे धुणाऱ्या बायका पाण्यावरून एकमेकींना हाका मारून सुनांची उणीदुणी काढत, एकाच भाषेत. पण त्यांतल्या एखादीचा खटला झाला तर इकडची इंग्रजीत गप्प बसणार आणि तिकडची त्या दुसऱ्या भाषेत गप्प बसणार. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणाचं गलबत कुठल्या काठाला लागलं, त्यावर आज कुठली बाई कुठल्या भाषेत मुकी होते हे ठरलेलं. आईला लग्न होऊन इकडे आल्यावर या गोष्टीचं आश्चर्य वाटायचं. ती म्हणायची, माझ्या आजोबांना त्या भाषेत शिक्षा झाली, मला निदान नवी भाषा मिळाली. आई अशी गमतीनेच सगळं बोलायची. मावशीचं झालं तेव्हापासून तिने ती गंमत कधी केली नाही.

मावशी आईच्या पाठची. तीही इकडेच दिली होती, बाजारामागच्या आळीत. नवऱ्याने टाकलं, आणि चार वर्षांच्या मुलीवरून कोर्ट झालं, याच दालनात. टाइप करायला बाबा. बाबांनी सांगायला हवं होतं की साक्षीदार माझी मेव्हणी आहे, मला या प्रकरणातून मोकळं करा. त्यांनी सांगितलं नाही. ते नाकासमोर चालणारे गृहस्थ, साहेबांपुढे घरचं काही काढायचं त्यांच्या जिवावर आलं. साहेबांनी मावशीला विचारलं, मुलीला पोसायला तुझ्याकडे काय आहे. मावशी म्हणाली, "शिवणयंत्र आहे. आळीतल्या सगळ्या झंपरांचं काम माझ्याकडे येतं. शेजारी बहीण आहे, आणि भाऊजी आहेत." असं म्हणून तिने बाबांकडे पाहिलं होतं, म्हणे. साहेबांनी एक ओळ सांगितली: माझ्याकडे मालमत्ता नाही व नियमित उत्पन्न नाही. बाबांनी ती ओळ टाइप केली, खाली छत्तीस शब्द टाइप केले, फुली मारली आणि कागद पुढे सरकवला. भाऊजींनी कागद पुढे केलाय म्हटल्यावर मावशीने डोळे झाकून सही केली. मुलगी तिकडच्यांकडे गेली.

पुढे तीस वर्षं मावशी दर रविवारी घरी यायची. बाबा खिडकीपाशी पेपर वाचत बसलेले असायचे. मावशी चपला काढता काढताच म्हणायची, "काय भाऊजी, वाचून दाखवता का?" मेव्हणीने मेव्हण्याची थट्टा करावी त्या सुरात. पाहुणे असले तर हसायचे, लहानपणी ऐंशीबाईसुद्धा हसायची. बाबा पेपराची घडी घालायचे आणि आत निघून जायचे. एकदाच, ती सतरा-अठरा वर्षांची असताना, तिने बाबांना विचारलं होतं. बाबा म्हणाले, "मी नसतं केलं तर दुसऱ्याने केलं असतं. मजकूर तोच राहिला असता. फरक काय पडला असता?" तिला ते पटलं होतं. इतक्या शांतपणे सांगितलेली गोष्ट पटतेच. मग बाबा नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या जागी तिला घेतलं. पहिल्याच वर्षी ती खाली दफ्तरखान्यात गेली आणि तिने मावशीचा कागद शोधून काढला. अडीच ओळींची साक्ष. बाबांची ख्याती अशी की त्यांच्या कागदावर खाडाखोड शोधून सापडत नसे, पण त्या अडीच ओळींत दोन ठिकाणी अक्षरावर अक्षर चढलेलं होतं. खालचे छत्तीस शब्द मात्र स्वच्छ, एका सरळ रेषेत. कागद परत ठेवून ती वर आली होती आणि कामाला लागली होती. त्यानंतर ती गोष्ट तिने कुणालाच सांगितली नाही, मावशीलाही नाही. सांगायला हवी होती. मावशीला मरून आता चार वर्षं झाली.

भाषेशी तिचं भांडण नव्हतं, हे तिचं तिलाच ठाऊक होतं. उलट तिला ती आवडायची. बोटांखाली इंग्रजी कसं धावतं, लांबलचक वाक्य शेवटी कसं वळण घेऊन बसतं, याचं तिला सुख होतं, आणि सव्वीस वर्षांत ते सुख कमी झालं नव्हतं. पण घरात शिरून कुणी आपल्याच खुर्चीवर बसावं आणि आपल्याला उभं ठेवावं, तर खुर्ची आवडते म्हणून गप्प बसायचं का? तिला एकदम संताप आला. गोऱ्यांचा आला नाही, ते कधीच गेले. तिला स्वतःचा आला, आणि बाबांचा आला, मेलेल्या माणसाचा येऊ नये इतका आला. फरक काय पडला असता, म्हणे. एका बाईला कळलं असतं ना, की आपण काय सांगितलं आणि काय लिहिलं गेलं. तेवढा फरक पडला असता. तिने सही करण्याआधी तोंड उघडलं असतं. तिला लढायला निदान जागा मिळाली असती.

तिने पडद्यावरची साक्ष पुन्हा उघडली आणि खालचे छत्तीस शब्द खोडले. खोडायला एक सेकंदसुद्धा लागला नाही. मग ती सातव्या कळीत शिरली आणि तिथे साठवलेली ओळही पुसून टाकली. आता कळ दाबली तर काहीच येत नव्हतं, तिने तीन-चारदा दाबून पाहिलं. साहेबांच्या टेबलाच्या खणात तिचा अहवाल पडून होता. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या कोर्टात जागा निघाली होती आणि गेल्याच आठवड्यात साहेब म्हणाले होते, मी तुमची शिफारस करतोय, महिनाअखेर पाठवतो. त्या मजल्यावर जायची बाबांची फार इच्छा होती. जन्मभर ते जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत गेले, फायली पोचवायला. ऐंशीबाईला तो अहवाल आठवला, आणि वाईटही वाटलं, नाही असं नाही. मग तिने छापलेला जुना कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला आणि नवा छापून काढला, तळाशी कोरा.

दोन वाजता कोर्ट भरलं. धुलाईवाली पिंजऱ्यात येऊन उभी राहिली. साहेबांनी सहीसाठी कागद मागवला, पाहिला, आणि चष्म्यावरून खाली बघत इंग्रजीत म्हणाले, शेवटची ओळ राहिली.

"राहिली नाही साहेब, काढली," ऐंशीबाई म्हणाली. "मी वाचून दाखवलं. बरोबर आहे असं त्या म्हणत नाहीत. एक महत्त्वाची गोष्ट आलेली नाही म्हणतात."

वकिलांनी माना वर केल्या. ठेकेदाराचा वकील उठून काहीतरी म्हणू लागला, साहेबांनी त्याला हाताने बसवलं. मग ते आपल्या भाषेत उतरले, आवाज खाली आणून, घरच्या माणसाला समजवावं तसे. "बाई, साक्षीत काय यावं ते मी ठरवतो. तुम्ही टायपिस्ट आहात."

"म्हणूनच म्हणते साहेब. बाकीचं तुम्ही सांगता. ती ओळ तुम्ही कधी सांगितलेली नाही, ती मीच घालते. आज मी घालणार नाही."

तिचा आवाज नीट येत होता, त्याचं तिलाच नवल वाटलं. साहेबांचा चेहरा उतरला आणि मग कडक झाला. "याचा परिणाम तुम्हाला कळतोय ना?" "कळतोय, साहेब." साहेब पाठीमागे टेकून बसले. "ठीक आहे. मग मी सांगतो, लिहा," ते इंग्रजीत म्हणाले, आणि सांगू लागले. वरील मजकूर साक्षीदारास तिच्या भाषेत वाचून दाखवला. ऐंशीबाईने टाइप केलं, सांगितलेलं टाइप करणं हे तिचं कामच होतं. समजावून सांगितला, साहेब म्हणाले, आणि तिथे अडखळले. पुढचे शब्द त्यांना आठवेनात. सतरा वर्षं ते न्यायाधीश होते, रोज ती ओळ त्यांच्या सहीच्या वर असायची, पण ती त्यांच्या तोंडातून कधी गेलीच नव्हती. पिंजऱ्यातून धुलाईवालीने विचारलं, "काय म्हणतायत?"

तिने ते ऐंशीबाईलाच विचारलं होतं. ऐंशीबाई खुर्चीवरून उठली. आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, आपल्या भाषेत, तिने एकेक शब्द सांगितला. "साहेब लिहायला सांगतायत, की हे सगळं तुम्हाला तुमच्या भाषेत वाचून दाखवलं, समजावून सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात की बरोबर आहे."

"मी तर नाही म्हणाले," बाई म्हणाली.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. तिथे बसलेल्या माणसांपैकी प्रत्येकाने कधी ना कधी त्या ओळीखाली सही केलेली होती, किंवा तो आज करणार होता, आणि ती ओळ काय आहे हे त्यांनी आत्ता पहिल्यांदा ऐकलं. एक म्हातारा आपल्या वकिलाच्या कोटाची बाही ओढून काहीतरी विचारू लागला. साहेबांनी ते पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले, दाराशेजारच्या फळ्याकडे पाहिलं का नुसतं दाराकडे, ते कळलं नाही. शेवटचं नाव त्यांचंच होतं. मग ते म्हणाले, आपल्या भाषेत, कंटाळलेल्या आणि जराशा घोगऱ्या आवाजात, "काय राहिलंय, सांगा."

धुलाईवालीने पिंजऱ्याचा कठडा धरला. "मी चिंधी बांधली होती," ती म्हणाली. साहेबांनी सवयीने मान वर केली, ओठ विलगले, आता इंग्रजी ओळ येणार.

"साहेब, मी त्यांच्याच शब्दांत घेते," ऐंशीबाई म्हणाली, आणि त्यांच्या होकाराची वाट न पाहता तिने पडद्याच्या कोपऱ्यातली भाषा बदलली.

सरकारने आठ वर्षांपूर्वी नवे कीबोर्ड पाठवले तेव्हा त्यांवर दोन्ही लिप्या छापलेल्या होत्या. इंग्रजी अक्षरं मोठी, पांढरी. त्यांच्या खाली उजव्या कोपऱ्यात आपली अक्षरं, बारीक, फिकट निळी. ती निळी अक्षरं आठ वर्षांत कुणी वापरली नव्हती. ऐंशीबाईने सव्वीस वर्षांत कळांकडे पाहिलं नव्हतं, बाबांनी शिकवतानाच तिच्या हातांवर टॉवेल टाकून शिकवलं होतं. आता तिने मान खाली घातली, चष्मा पुढे घेतला, आणि पहिलं अक्षर शोधू लागली. सापडलं. एका बोटाने दाबलं. दुसरं शोधलं, ते भलत्याच टोकाला होतं. शेजारचा तरुण वकील खुसखुसला, त्याला ऐंशीबाई एका बोटाने टाइप करताना बघायला मिळत होती. तिने लक्ष दिलं नाही. एक शब्द पुरा व्हायला अर्धं मिनिट लागलं, दुसऱ्याला त्याहून जास्त. तिच्या कपाळावर घाम आला. साहेब थांबले होते. दोन्ही वकील थांबले होते. उरलेल्या दहा प्रकरणांची माणसं, शिपाई, दारात उभे असलेले, सगळे थांबले होते, आणि पडद्यावर आपल्या भाषेतली एक ओळ मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती.

धुलाईवाली बोलायची थांबली. "मी हळू बोलू का?" तिने विचारलं.

"तुम्ही नेहमीसारखंच बोला," ऐंशीबाई कळांवरून नजर न उचलता म्हणाली. "हळू मी लिहिते. किती गाठी मारल्या म्हणालात?"

"चार."

ऐंशीबाईने चार लिहिलं. मग पुढचं अक्षर शोधू लागली.